टेन्शन, ॲप आणि दहा आठवडे

अकरावी-बारावीतल्या पोरांच्या टेन्शनचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे, त्यासाठी ॲप असतं की!" म्हणणारा बहुतेक वेळा आमच्याच धंद्यातला असतो. मला ॲपचं वावडं नाही, पोटापाण्यासाठी तेच करतो :) पण टीनएजर्सच्या अँक्झायटीवरच्या ऑनलाईन सीबीटीबद्दल वाचल्यावर एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीय, आणि ती आमच्या धंद्याच्या बरोब्बर उलटी आहे.

सीबीटी म्हणजे गोड बोलून धीर देणं नव्हे. समजा, एका मुलीला वर्गात तोंड उघडायची भीती वाटते. सर हसतील, पोरं नावं ठेवतील. म्हणून ती गप्प बसते. गप्प बसल्यावर बरं वाटतं आणि तिथेच सगळा घोळ होतो, कारण "गप्प बसलो म्हणून वाचलो" हा समज घट्ट होतो. मग तिच्यासोबत बसून भीतीची एक शिडी बनवायची. खालची पायरी : वाण्याला "काका, शंभराचे सुटे आहेत का?" असं विचारायचं. सगळ्यात वरची : क्लासमध्ये हात वर करून डाऊट विचारायचा. पायरी चढण्याआधी काय होईल असं वाटतंय ते लिहायचं, नंतर खरंच काय झालं तेही लिहायचं. खरं औषध हे आहे. शिकता येतं स्क्रीनवर, पण करायचं असतं स्क्रीनच्या बाहेर.

आणि हे ऑनलाईन जमतं, बरं का. ऑस्ट्रेलियात सुसान स्पेन्स आणि सहकाऱ्यांनी १२ ते १८ वयाच्या ११५ मुलांवर 'ब्रेव्ह' नावाचा प्रोग्रॅम तपासला (२०११). ऑनलाईनवाली मुलं क्लिनिकवाल्यांच्या मागे पडली नाहीत. स्वीडनमध्ये २०२१ साली सोशल अँक्झायटी असलेल्या १०३ मुलांचे दोन गट केले. दोन्हीकडे इंटरनेट, दोन्हीकडे थेरपिस्ट. एका गटाला सीबीटी, दुसऱ्याला नुसता आधार. सीबीटीवाले जास्त सुधारले.

थेरपिस्ट दोन्ही देशांत होता, हे मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. तोच 'ब्रेव्ह' पुढे थेरपिस्टशिवाय, फुकट, सगळ्यांना खुला केला गेला. २०१८ सालच्या अभ्यासात दिसलं की तीन किंवा जास्त सत्रं पूर्ण करणारी मुलं होती साधारण ३० टक्के. दहा सत्रांपैकी तीन! आपण मोठ्या उत्साहाने विकत घेतलेले ऑनलाईन कोर्सेस आठवा, म्हणजे आश्चर्य वाटणार नाही.

आता आमच्या धंद्याचं. आमच्याकडे यश मोजतात ते रोज किती जण ॲप उघडतात यावर. चांगली थेरपी दहा-बारा आठवड्यांत संपते. म्हणजे मुलगी बरी झाली की डॅशबोर्डवर ती 'सोडून गेलेली युजर' म्हणून लाल रंगात दिसणार! त्याहून वाईट म्हणजे चॅटबॉट. रात्री दहा वेळा "सगळं नीट होईल ना?" असं विचारणं हा अँक्झायटीचाच भाग असतो, आणि बॉट न कंटाळता दहाही वेळा "होईल" म्हणणार. एंगेजमेंट मस्त, मुलगी आहे तिथेच.

आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक आजारांचं प्रमाण ७.३ टक्के आलं होतं. एवढ्यांना पुरतील इतके थेरपिस्ट कुठून आणणार, हा प्रश्न खराच आहे. पण गोव्याच्या 'संगाथ' संस्थेने 'पॉड ॲडव्हेंचर्स' हा मोबाईल गेम शाळांमध्ये वापरून बघितला तेव्हा सोबत समुपदेशक ठेवला होता. (तो सीबीटी नव्हे, अडचणी सोडवायला शिकवणारा गेम, पण नात्यातलाच.) सरकारची टेली-मानस हेल्पलाईन २०२२ पासून आहे, नंबर १४४१६. मराठीत धडे बनवा, आणि तिथल्याच एका माणसाने त्याच मुलाला दर आठवड्याला पंधरा मिनिटं फोन करायचा. सर्व्हरपेक्षा त्या माणसाचा पगार जास्त होईल. होऊ दे की.

जीव द्यायचे विचार येत असतील तर हे काहीच नको, थेट डॉक्टर किंवा १४४१६, त्याच दिवशी.

एरवी मावशी-काकू "कुठलं ॲप घेऊ रे?" म्हणून विचारतात तेव्हा मी आधी एवढंच विचारतो : पोराने गृहपाठ केला नाही, तर त्यात उलटून फोन करणारं कोणी आहे का?