तळघरातले उद्योग : काडतुसाचा गळा

मागच्या अंकात रायफलीची काडतुसं घरी पुन्हा भरण्याच्या माझ्या छंदाबद्दल लिहिलं, त्यावर दोन तऱ्हेचे फोन आले. बहुतेकांचा सूर एकच, ‘तुमच्या तळघरात दारू असते म्हणे!’ असते ना मंडळी, पण ती तोलायची असते. दुसऱ्या तऱ्हेचा फोन एकच, मिशिगनमधल्या एका तरुण वाचकाचा. ‘काका, नेक साइझिंग डाय घ्यायची आहे. तीन प्रकारच्या दिसतात, कुठली घेऊ?’ मी उलट विचारलं, ‘काडतुसं कुणाच्या रायफलीत जाणार?’ ‘माझ्या. आणि कधीमधी सासऱ्यांच्या.’ म्हटलं, थांब, हे सविस्तर लिहायला हवं.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गोळी सुटते तेव्हा आतल्या दाबाने काडतुसाची पितळी नळी फुगते आणि रायफलीच्या चेंबरचा आकार घेते. ती पुन्हा वापरायची तर निदान तिचा गळा आवळावाच लागतो, नाहीतर नवी गोळी त्यात घट्ट बसत नाही. फुल-लेंग्थ डाय सबंध नळी आवळते. नेक डाय नुसता गळा आवळते, बाकीचं अंग रायफलीने घडवलं तसंच ठेवते. त्यामुळे नळी चेंबरमध्ये मापाने शिवलेल्या कपड्यासारखी बसते आणि पितळेलाही त्रास कमी. पितळ वारंवार फुगलं-आवळलं की कडक होतं आणि शेवटी चिरतं. पुण्याच्या तांबट आळीत भांडं ठोकताना ते मध्येच तापवतात ना, ते याचसाठी. ठोकून कडक झालेला धातू तापवला की मऊ होतो.

आता माझी फजिती ऐका. चिरंजीवांनी शिकारीसाठी रायफल घेतली, माझ्यासारखीच ३०८ विंचेस्टर. मला कोण आनंद! इथे वाढलेल्या मुलाने बापाचं काहीतरी उचललं, हे आपल्याकडे रोज थोडंच घडतं? मी माझ्याच रायफलीतल्या जुन्या नळ्या घेतल्या, गळे आवळले, दारू कणाकणाने तोलली आणि पन्नास काडतुसं भरून शुक्रवारी रात्री त्याच्या हातात डबा ठेवला. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये हरणांचा बंदुकीचा मोसम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. शनिवारी सकाळी जंगलाकडून फोन. ‘बाबा, बोल्ट बंद होत नाहीये.’ दुसरं काडतूस घालून बघ. तेच. तिसरं? तेच. ‘जोर लावू का?’ ‘अजिबात नाही!’ मी इतक्या जोरात ओरडलो की ही वरून धावत खाली आली. भरलेलं काडतूस चेंबरात ठोकून बसवायचं आणि ते मध्येच अडकलं की उपटत बसायचं, हा खेळ जिवावरचा आहे.

झालं होतं इतकंच की त्याचं चेंबर माझ्यापेक्षा काही हजारांश इंचांनी आखूड होतं. दोन्हींवर ३०८ कोरलेलं असलं तरी कारखान्यात थोडी सूट धरलेलीच असते. ज्या सकाळची तो वर्षभर वाट बघत होता, ती दुकान शोधण्यात आणि विकतच्या काडतुसांवर नेम पुन्हा जुळवण्यात गेली. मला एका शब्दाने बोलला नाही. तेच जास्त लागलं.

तेव्हा मित्रा, नेक डाय ही एका बोल्टच्या रायफलीसाठी आणि निशाणेबाजीच्या मैदानासाठी. सेमी-ऑटोमॅटिक किंवा लिव्हरची रायफल असेल तर फुल-लेंग्थच. शिकारीलाही मी आता तीच सांगतो.

एवढं कळूनही घ्यायचीच असेल, तर साधी नेक डाय स्वस्त असते, पण गळा गरजेपेक्षा जास्त आवळते आणि मग आतून गोटी ओढून तोच गळा पुन्हा रुंद करते. पितळेला दुहेरी शिक्षा, वर गळा वाकडा होण्याची भीती. माझी सध्या वर्तमानपत्रं उडू नयेत म्हणून ठेवली आहे. बुशिंगच्या डायमध्ये कासाराकडच्या बांगड्यांसारखं माप निवडता येतं, हजारांश इंचाच्या फरकाने. भरलेल्या काडतुसाचा गळा बाहेरून मोजायचा आणि त्यातून एक-दोन हजारांश वजा करायचे. माझा ०.३३६ इंच भरतो, मी ०.३३४ चं बुशिंग लावतो. मात्र गळ्याची जाडी सगळीकडे सारखी नसेल तर तो उंचसखलपणा आतल्या बाजूला ढकलला जातो, आणि बुशिंग वेगळं विकत घ्यावं लागतं.

माझी लाडकी तिसरी, ली कंपनीची कॉलेट डाय. (कंपनी आमच्याच राज्यातली, हार्टफर्डची, पण म्हणून नव्हे!) आत एक दांडी, बाहेरून चिमटा, मध्ये गळा. गोटी ओढायची नाही, तेल लावायचं नाही. फक्त हात बसावा लागतो. कमी दाबलं तर गोळी सैल राहते. दाबून जरा थांबायचं, नळी थोडी फिरवायची, परत दाबायचं.

पण कुठलीही नेक डाय घेतलीस तरी फुल-लेंग्थ डायवाचून सुटका नाही. काही वेळा उडवल्यावर नळी तुझ्या स्वतःच्या रायफलीतही घट्ट होते, बोल्ट जड लागतो. मग खांदा एक-दोन हजारांश मागे ढकलावा लागतो. स्पर्धेत उतरणारे पुष्कळजण आता दर वेळी हेच करतात, नेक डायच्या वाटेलाच जात नाहीत. एकच डाय घेण्याइतके पैसे असतील तर फुल-लेंग्थ घे. आणि सासऱ्यांना काडतुसं द्यायची तर त्यांच्या रायफलीतून उडालेल्या नळ्या मागून घे.

आमच्या तळघरात आता दोन डबे आहेत. हिने त्यांवर पट्ट्या चिकटवल्या आहेत, एकावर ‘बाबा’, दुसऱ्यावर ‘चिरंजीव’. त्याच्या डब्यातली प्रत्येक रिकामी नळी त्याच्या रायफलीत घालून बघितल्याशिवाय मी दारूला हात लावत नाही. परत आलेली ती पन्नास काडतुसं मार्चमध्ये रेंजवर आम्ही दोघांनी माझ्या रायफलीतून उडवली. पाच-पाचच्या पाळ्या लावल्या होत्या. त्याचे पाच माझ्या पाचांपेक्षा जवळ पडले.