गणना, रकाना आणि आपण

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी माहिती जुळविताना कार्यालयाच्या कपाटातील जुने जनरल रजिस्टर पुन्हा चाळण्याचा योग आला. शाई फिकी पडली आहे. अक्षर मात्र आजच्या आम्हा शिक्षकांना लाजवील असे. इतिहासाचा विद्यार्थी असल्याने माझी नजर नावांपेक्षा रकान्यांवर अधिक रेंगाळते. एका पानावर दोन सख्ख्या भावांची नोंद आढळली. थोरल्यापुढे ‘हिंदू महार’, धाकट्यापुढे ‘बौद्ध’. आईवडील तेच, गाव तेच, प्रवेशात अंतर दोन वर्षांचे. कोणी याला लेखनिकाचा हलगर्जीपणा म्हणेल; मला तसे वाटत नाही. थोरल्याच्या वेळी वडिलांना केंद्राच्या सवलतीची चिंता असावी आणि धाकट्याच्या वेळी धम्माचा अभिमान वरचढ ठरला असावा. १९९० पूर्वी आपल्या समाजातील असंख्य घरांपुढे हा पेच होता.

आज शासन ‘डेटा’वर चालते, असे आपण रोज ऐकतो. शिष्यवृत्ती, धान्य, घरकुल, शिक्षकांची पदे, सारे काही ऑनलाइन माहितीवरून ठरते. परंतु शासनाला माणूस दिसत नाही, रकाना दिसतो, ही गोष्ट संगणकाच्याही आधीची आहे आणि आपल्या समाजाइतकी ती क्वचितच कोणी अनुभवली असेल.

१९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात बौद्धांची संख्या होती अवघी २,४८७. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि १९६१ ला हाच आकडा २७ लाख ८९ हजारांवर गेला. या आकड्याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. मात्र त्याच वेळी दुसरा एक रकाना रिकामा होत होता. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात हिंदूंनाच, आणि १९५६ नंतर शिखांनाही, स्थान होते. ‘बौद्ध’ लिहिणारा माणूस त्या यादीतून बाहेर पडे. महाराष्ट्र शासनाने नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या हे खरे, पण केंद्रातील नोकऱ्या आणि राखीव मतदारसंघ यांचा हिशेब जनगणनेच्या दुसऱ्या रकान्यावर होत राहिला. १९८१ ला महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण ७.१४ टक्के नोंदले गेले. १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारने कायदा दुरुस्त करून बौद्धांचा समावेश केला आणि १९९१ ला तेच प्रमाण ११.०९ टक्के झाले. दहा वर्षांत एवढी बाळे जन्मली नव्हती; कायद्यातील एक शब्द बदलला होता. १९७१ च्या जनगणनेवर आखलेल्या विधानसभेत अनुसूचित जातींसाठी १८ जागा राखीव होत्या. २००१ च्या आकड्यांवर झालेल्या २००८ च्या पुनर्रचनेत त्या २९ झाल्या. या वाढीत इतर कारणांचाही वाटा असेल, पण मोठा वाटा त्या एका शब्दाचा आहे.

बाबासाहेबांना आकड्यांचे हे राजकारण पुरते ठाऊक होते. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे निवेदन देताना त्यांनी मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याचेच आकडे मांडले आणि लोकसंख्येत दुसरा असलेला मागास वर्ग शिक्षणात शेवटचा कसा, हे सरकारला सरकारच्याच कागदांतून दाखविले. १९३२ ला लोथियन समितीच्या वेळी उलट अनुभव आला. अस्पृश्यांच्या संख्येवर प्रतिनिधित्व ठरणार, असे दिसताच संयुक्त प्रांत व बंगालसारख्या ठिकाणी अस्पृश्यांची संख्या नगण्य असल्याचा दावा पुढे आला. माणसे तीच होती, फक्त मोजण्यास कोणी तयार नव्हते. १९५१ च्या जनगणनेतून जातींचे तक्ते वगळण्यात आले, तेव्हाही त्यांनी त्यावर कठोर टीका केली. अशा माणसाचे आपण अनुयायी, आणि जनगणनेचा तक्ता उघडून पाहण्याचा कंटाळा करतो.

आता माझ्या स्वतःविषयी. २०११ च्या फेब्रुवारीत इतर अनेक शिक्षकांप्रमाणे मीही प्रगणक होतो. एका वस्तीत काही शिकलेल्या कुटुंबांनी धर्म ‘बौद्ध’ सांगितला आणि जातीच्या प्रश्नावर स्पष्ट शब्दांत सांगितले, “गुरुजी, ती आम्ही छप्पनलाच टाकली.” (कोणी, कुठे, हे सांगण्याचा प्रश्नच नाही, कायदाही तशी परवानगी देत नाही.) यादीतील जातीचे नाव सांगितले तरच अनुसूचित जातीत नोंद होते, हे मला माहीत होते. तरीही मी त्यांना समजावले नाही. खरे सांगायचे तर मला त्यांचे कौतुक वाटले. काही वर्षांनी धर्मनिहाय तक्ता पाहिला. महाराष्ट्रात बौद्ध ६५,३१,२००. त्यांपैकी अनुसूचित जातीत नोंदले गेलेले ५२,०४,२८४. म्हणजे सव्वातेरा लाखांहून अधिक बौद्ध त्या रकान्यात नाहीत. प्रत्येकाचे कारण एकच असेल, असे मी म्हणणार नाही. पण त्यांतील काही माझ्या हस्ताक्षरातील आहेत.

येत्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख आहे. १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची गणना व्हायची आहे आणि ती मोबाईल अ‍ॅपवर. ज्याला हवे त्याला स्वतःची माहिती स्वतः भरता येईल. हे स्वागतार्ह आहे. पूर्वी मध्यस्थाच्या हातून जाणारी शिष्यवृत्ती आज मुलाच्या खात्यावर पूर्ण जमा होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ‘जुने तेच बरे’ म्हणणाऱ्यांतला मी नाही. तथापि कागदाला समास असे, लेखनिक तेथे दोन शब्द अधिक लिही. पडद्याला समास नसतो. आमच्याच एका विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज एक वर्ष अडकला, कारण शाळेच्या दाखल्यावर ‘नवबौद्ध’, जात प्रमाणपत्रावर ‘महार’ आणि आधारवर आडनावाचे तिसरेच स्पेलिंग होते. तिन्ही कागद खरे होते. त्याचे वडील ऊसतोडीला गेलेले. ओटीपी ज्या मोबाईलवर येई, तो फडात त्यांच्यापाशी. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये आधारअभावी कोणत्याही बालकाला लाभ नाकारू नये असे म्हटले आहे. तो निकाल सांगायचा कोणाला, खिडकीच नसेल तर?

म्हणून माझे मत स्पष्टपणे मांडतो. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ आणि जातीच्या रकान्यात आपल्या प्रमाणपत्रावरील अनुसूचित जातीचे नाव, अशी नोंद प्रत्येक कुटुंबाने करावी. ‘बौद्ध’ हे त्या यादीतील जातीचे नाव नाही, ते तेथे लिहून चालणार नाही. आमचे एक माजी विद्यार्थी, जे माझ्याहून अधिक वाचलेले आहेत, यावर संतापाने म्हणाले, “बाबासाहेबांनी आमच्या अंगावरून काढलेली जात तुम्ही सरकारच्या सर्व्हरवर पुन्हा चढवता.” त्यांच्या संतापाचा मला आदर आहे. माझे उत्तर इतकेच, की जातीने आपल्याला सोडलेले नाही. गावच्या पाणवठ्यापासून शहरातील भाड्याच्या घरापर्यंत तिचा पत्ता सापडतो. तिची मोजदाद नाकारली म्हणजे ती मोजणीबाहेर राहते, गावाबाहेर जात नाही. उपयोजनेचा निधी आणि राखीव जागा त्या मोजणीवर ठरतात. १९९० चा कायदा बौद्ध आणि अनुसूचित जात या दोन्ही ओळखी एकाच माणसाला एकाच वेळी देतो, मग आपणच त्यांतील एक का खोडावी? तरीही ते नाव उच्चारताना घशात काही अडकते, हे मी नाकारत नाही. मुलांसमोर सांगताना अधिकच.

आणि आकडे हाती आले म्हणजे न्याय हाती आला, असेही नाही. २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेतील जातीची माहिती आजवर जाहीर झाली नाही. बिहारने २०२३ मध्ये आकडे जाहीर करून आरक्षण ६५ टक्क्यांवर नेले. पाटणा उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये ते रद्द केले. आकडा ही फक्त बोलण्याची जागा आहे. ती मिळाल्यावर बोलायला आपल्याकडे तक्ता वाचणारी मुले हवीत, आणि दहावीच्या वर्गात मला ती दिसतात.

रजिस्टरातील ते दोघे भाऊ आज साठीच्या पुढे आहेत. दोघांनाही मेळाव्याचे निमंत्रण गेले आहे. ते आले, तर ते पान त्यांच्यापुढे ठेवून २०२७ ला कोणत्या रकान्यात काय लिहिणार, हे मी त्यांना विचारणार आहे.