ते अधिक तीन कुणाचे?

गेल्या महिन्यात आमच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या डावात एक चिलखतवाला सरदार मेला. कुऱ्हाडवाल्या मित्राने माऊसचं बटण दाबलं, पडद्यावर उमटलं: ‘१८. लागला.’ जल्लोष झाला, खेळ पुढे गेला. सरदाराचं चिलखत १७ चं होतं. रात्री उशिरा मी सहज त्या १८ वर क्लिक करून आतला हिशेब उघडला. फाशावर १० पडले होते, कुऱ्हाडीचे ५, आणि ‘ब्लेस’चे ३. म्हणजे ते तीन नसते तर वार हुकला होता.

ब्लेस हा मंत्र आमच्यातल्या धर्मगुरू खेळणाऱ्याने तीन फेऱ्यांपूर्वी टाकला होता. तो टिकवायचा तर एकाग्रता लागते, एकाग्रतेचा दुसरा मंत्र टाकता येत नाही. तीन फेऱ्या तो बिचारा मागे उभा राहून तेवढंच सांभाळत होता. त्या रात्री लॉग-ऑफ होताना तो म्हणाला, “मी नसतो तरी चाललं असतं रे.” आम्ही कुणी काही बोललो नाही, कारण आम्हालाही तसंच वाटलं होतं.

हा दोष कुणाचा? माझं उत्तर स्पष्ट आहे: सॉफ्टवेअरचा. आणि ज्या गुणासाठी आपण त्याची वाहवा करतो, त्याच गुणाचा.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपलं कौशल्य, हत्यार, मित्राचा मंत्र असं काय काय मिळवायचं, आणि आकडा ठरलेल्या संख्येला पोचला तर काम फत्ते. मिळवायच्या-वजा करायच्या या आकड्यांना मॉडिफायर म्हणतात. मित्र पाच शहरांत पांगलेले असले की फॅंटसी ग्राउंड्स (२००४), रोल२० (२०१२), फाउंड्री (२०२०) अशा आभासी टेबलांवर खेळायचं. फासे संगणक टाकतो, बेरीजही तोच करतो.

बेरजेचा हा जाच खरा आहे, हे आधीच कबूल करतो. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत बोनसच्या इतक्या जाती होत्या की खेळापेक्षा जमाखर्च जास्त चाले: एन्हान्समेंट, मोराल, लक, सेक्रेड, प्रोफेन, डिफ्लेक्शन, डॉज. एका जातीचे दोन बोनस आले तर मोठा धरायचा, धाकटा सोडायचा. डॉज मात्र एकमेकांवर चढतात. २००९ चा पाथफाइंडर हाच संसार डोक्यावर घेऊन आला. मग शहाणपण आलं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने अर्ध्याअधिक किरकोळ आकड्यांची हकालपट्टी करून ‘अ‍ॅडव्हान्टेज’ आणलं: दोन फासे टाका, मोठा घ्या. किती कारणांनी मिळालं याला महत्त्व नाही, मिळतं एकदाच. ११ हवे असतील तर ५० टक्क्यांची शक्यता ७५ होते. २० च हवे असतील तर ५ ची जेमतेम ९.७५. एकही बेरीज न करता इतकं सुबक गणित! २०१९ च्या पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीने बोनसच्या जाती तीनवर आणल्या: सर्कमस्टन्स, स्टेटस, आयटम.

याला मी सुटसुटीतपणा म्हणतो. पसारा नियमांतूनच काढला, आणि जे उरलं ते कुणालाही वाचता येतं.

सॉफ्टवेअरवाले मात्र सुटसुटीत करतात म्हणजे पसारा पलंगाखाली ढकलतात. त्याचे दोन प्रकार. पहिला, प्रत्येक फाशाआधी उगवणारी खिडकी: ‘आणखी काही बोनस?’ नव्व्याण्णव वेळा उत्तर ‘नाही’ असतं, म्हणून शंभराव्या वेळीही बोट आपोआप एंटरवर जातं आणि खराखुरा बोनस हुकतो. वापरणाऱ्याला प्रत्येक वेळी विचारणं ही काळजी नव्हे, निर्णय न घेतल्याची कबुली आहे. दुसरा प्रकार याच्या उलट: काही विचारायचंच नाही. सगळे परिणाम आतल्या आत लावायचे, लक्ष्याच्या चिलखताशी ताडायचे, निकाल ठोकायचा. आमच्या सरदाराचं हेच झालं.

या दुसऱ्या प्रकारावर माझा खरा राग आहे, कारण तो नियमही मोडतो. २०१४ च्या नियमांत शाहीर, म्हणजे बार्ड, मित्राला स्फूर्तीचा एक फासा देतो. मूळ फासा पडल्यानंतर, पण गेममास्टरने निकाल सांगण्याआधी, तो वापरायचा की नाही हे मित्राने ठरवायचं. त्या दोन-चार सेकंदांत अख्खं टेबल श्वास रोखून असतं. “१३ आलेत, लावू का रे?” सॉफ्टवेअर फासा आणि निकाल एकाच ओळीत छापतं, तेव्हा ते सेकंद कुठे शिल्लक राहतात?

ब्लेसचंही तेच. चार बाजूंच्या फाशाची सरासरी अडीच. वीस बाजूंच्या फाशावर अडीच म्हणजे साधारण आठ वारांत एक वार त्याच्यामुळे लागतो. धर्मगुरूच्या सगळ्या मेहनतीचं फळ त्या आठव्या वारात असतं, आणि नेमकं तेच बेरजेत विरघळवून टाकायचं?

मी स्वतः या धंद्यातला. लोकांचे क्लिक वाचवण्याचा मला पगार मिळतो आणि बहुतेक ठिकाणी ते योग्यच असतं. वीजबिल भरताना कुणाला थरार नको असतो. खेळाची गोष्ट वेगळी आहे. टेबलावर कुणीतरी ओरडतं, “अरे थांब, तुझ्यावर ब्लेस आहे!” ती नुसती आकड्याची आठवण नसते, आपल्या पाळीत नसतानाही एक माणूस दुसऱ्याकडे लक्ष देत असतो.

यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. आमच्यातल्या एकीला आकडे पटकन जुळवता येत नाहीत. प्रत्यक्ष टेबलावर सगळे तिच्या बेरजेची वाट बघत बसायचे, आणि ती वाट बघणंच तिला नकोसं व्हायचं. आभासी टेबलामुळे ती परत खेळायला लागली. म्हणून बेरीज यंत्रानेच करावी, यात मला तडजोड नको. पण बेरीज करून देणं वेगळं आणि बेरीज लपवणं वेगळं. घटक दाखवल्याने तिचं काही बिघडत नाही.

महाभारतातल्या नलाची गोष्ट आठवा. ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाकडे नुसता बघतो आणि पानं-फळं किती ते सांगून टाकतो. नल काय करतो? रथ थांबवतो, झाड पाडतो आणि मोजतो. उशीर होतोय म्हणून ऋतुपर्ण कुरकुरतो, तरी मोजतो. फाशांची विद्या त्याला मिळते ती त्यानंतर.

आम्हाला झाड पाडायला नको, फांदी दिसली तरी पुरे. पाथफाइंडरसाठी फाउंड्रीवर ‘मॉडिफायर्स मॅटर’ नावाची जोडणी आहे. ज्या बोनसमुळे निकाल फिरला, तेवढाच ती ठळक करते. म्हणजे हे अशक्य नाही, फक्त मूळ रचनेत कुणी धरलेलं नाही. माझ्या मते ते मूळ रचनेतच हवं: आकड्याशेजारी देणाऱ्याचं नाव, आणि निकाल छापण्याआधी थोडा थांबा. सगळ्यांना विचारणारी खिडकीही नकोच. निकाल काठावर असेल आणि कुणाच्या हातात तो फिरवण्याचं साधन असेल, तेव्हाच त्या एकाला विचारा.

आमच्या टेबलासाठी मी रविवारी बसून तसं लिहिलं. फार मोठं काम नव्हतं. परवाच्या शनिवारी पडद्यावर ‘१५’ आले आणि निकालाची जागा कोरी राहिली. पाच सेकंद कुणी बोललं नाही. मग धर्मगुरूचा आवाज आला, “माझे दोन धरलेस का?” धरलेले होते. वार तरीही हुकला, आणि पुढची दहा मिनिटं आम्ही त्यावरच वाद घालत बसलो.