वाक्याच्या शेवटी हरवणारा 'नाही'

मराठी वाक्याचा निकाल अगदी शेवटी लागतो. 'मी तुझ्या घरी येणार' एवढे ऐकूनही काही ठरत नाही. पुढे 'आहे' येते की 'नाही', यावर सगळे अवलंबून. आणि हल्लीच्या चित्रपटांत, वेबमालिकांत नटाचा आवाज नेमका तिथेच बसतो. वाक्याची सुरुवात कानावर पडते, शेपूट श्वासात विरून जाते. इंग्रजीत नकार वाक्याच्या पूर्वार्धातच येऊन गेलेला असतो, त्यामुळे पुटपुटणे तिकडे थोडे तरी खपते. तेही पुरते खपत नाहीच: बीबीसीच्या 'जमैका इन' या मालिकेतले संवाद कळत नाहीत म्हणून २०१४ साली दोन हजारांहून अधिक तक्रारी गेल्या, आणि ख्रिस्तोफर नोलनच्या 'टेनेट'बद्दल २०२० साली हीच ओरड जगभर झाली. आपण ती अभिनयशैली उचलली. आपले क्रियापद कुठे बसते, हे मात्र पाहिले नाही.

दोष एकट्या नटाचा नाही. हिंदी सिनेमात कित्येक दशके संवाद स्टुडिओत पुन्हा बोलून, म्हणजे डबिंग करून घेतले जात. कृत्रिम वाटले तरी प्रत्येक अक्षर सुटे असे. 'लगान'ने २००१ साली चित्रीकरणस्थळीच आवाज मुद्रित केला आणि ही पद्धत पुन्हा प्रतिष्ठेची झाली. त्यातला जिवंतपणा मोलाचा आहे, तो मला सोडायचा नाही. पण कपड्यात दडवलेला माइक हाताशी आला आणि आवाज फेकण्याची गरजच नटाला वाटेनाशी झाली. पुढे मिश्रणाच्या टेबलावर दिग्दर्शक, संकलक, ध्वनितंत्रज्ञ बसतात, तेव्हा त्या सगळ्यांना संवाद पाठ असतात. पाठ असलेले वाक्य संगीताखाली गाडले तरी ऐकू येते, कारण उरलेले मेंदू भरून काढतो. पहिल्यांदाच ऐकणारा माणूस त्या खोलीत नसतो.

ही भर घालण्याची क्रिया नीट समजून घेतली पाहिजे, कारण खान्देशात, जळगाव-धुळ्याकडे, पडद्यावरचे बोलणे कळायला जी अडचण येते तिचे मूळ तिच्यातच आहे. बोलण्यातला जोर स्वरांत असतो, अर्थ बराचसा व्यंजनांत. 'पान', 'कान', 'तान' यांत स्वर एकच. फरक करणारा क्षणभराचा आवाज बराच वरच्या पट्टीतला, साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपासचा आणि क्षीण असतो. वयोमानाने कान आधी वरच्या पट्ट्या गमावतात. सततच्या गोंगाटाने होणारी हानीही बहुधा चार हजार हर्ट्झजवळच सुरू होते. धुळ्याच्या यंत्रमागांवर किंवा जळगावच्या डाळ मिलमध्ये वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाला टीव्हीवरचा 'आवाज येतो, शब्द येत नाहीत', ते याचमुळे. त्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो आणि ऐन उन्हाळ्यात कूलर बंद करायची सोय नसते. कूलरची घरघर पहिल्यांदा हीच नाजूक व्यंजने गिळते. आवाज वाढवावा, तर संगीतही तितकेच वाढते.

टीव्हीचा संचही साथ देत नाही. पडदा जितका पातळ, तितके स्पीकर लहान, आणि बहुतेकदा ते मागे किंवा खाली तोंड करून असतात. चित्रपटगृहासाठीच्या मिश्रणात संवादाला मधला स्वतंत्र स्पीकर असतो. घरी तोच संवाद, संगीत आणि तलवारींचा खणखणाट दोन छोट्या स्पीकरांत कोंबला जातो. खुद्द चित्रपटगृहातही प्रेक्षक 'आवाज फार मोठा आहे' म्हणाले की चालक सरसकट आवाज खाली आणतो, आणि आधीच हळू असलेले बोलणे आणखी खाली जाते.

पण सगळ्यात मोठा फरक भाषेचा. हुकलेला शब्द आपण अंदाजाने भरतो आणि अंदाज बांधतो तो घरच्या बोलीवरून. धुळे, शिरपूर, साक्रीकडे घरात अहिराणी. तिथे 'आहे'ला 'शे' म्हणतात. यावल, रावेर, भुसावळ पट्ट्यात लेवा गणबोली. २०११च्या जनगणनेत अहिराणीसह 'खान्देशी' या गटातल्या मातृभाषा नोंदवणारे सुमारे साडेअठरा लाख होते. पुण्या-मुंबईच्या बोलण्यातले अर्धे गिळलेले वाक्य या श्रोत्याला पुण्यातल्या श्रोत्याइतके सहज पुरे करता येत नाही. तेच अस्पष्ट मिश्रण त्याच्याकडून जास्त कष्ट वसूल करते. तो मात्र समजतो, आपल्यालाच नीट मराठी येत नाही.

वास्तविक शब्द स्पष्ट असला, तर परकी बोली हा कधीच अडसर नव्हता. 'मानिनी' या १९६१च्या चित्रपटात बहिणाबाई चौधरींच्या रचना आल्या. जळगावची ती बोली कोल्हापूरपर्यंत पोचली, कारण वसंत पवारांच्या चालींत शब्द वाद्यांच्या वर ठेवला होता. वहीगायन आणि तमाशा करणाऱ्यांना तर मागच्या माणसापर्यंत पोचल्यावाचून गत्यंतरच नव्हते.

आज या भागातला तरुण मोबाइलवर काय पाहतो? मालेगावकडच्या विनोदी चित्रफिती, 'हाई झुमका वाली पोर'सारखी अहिराणी गाणी. नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला, तेव्हापासून तिथल्या तुटपुंज्या साधनांच्या सिनेमाला नाके मुरडणारे कमी नाहीत. अभिरुची घसरली, हे निदान मला घाईचे वाटते. त्या चित्रफितींत माणूस कॅमेऱ्याजवळ उभा राहून, ओळखीच्या बोलीत, ठणठणीत बोलतो. ज्याचे बोलणे कळते त्याच्याकडे माणूस वळणारच. उद्या गंभीर मराठी सिनेमाला जळगाव-धुळ्यात प्रेक्षक मिळाला नाही, तर त्याच्या विषयाला आणि तिकिटाच्या दराला दोष देण्याआधी त्याचे ध्वनिमिश्रण ऐकावे.

सबटायटल हा उपाय सुचवला जातो. पण अनेक मराठी चित्रपटांवर पट्टी असते ती इंग्रजीची, महोत्सवांच्या सोयीची. चाळीसगावच्या आजींना तिचा काय उपयोग? त्याच भाषेतल्या पट्टीचे मोल ब्रिज कोठारी यांनी १९९६पासून अहमदाबादच्या आयआयएममधून मांडले आहे. गाण्यांखाली धावणाऱ्या ओळींनी वाचनही सुधारते. चित्रपटगृहांत श्रवणबाधितांना पट्टी मिळावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने मार्च २०२४मध्ये काढली. तरीही पट्टी ही अस्पष्ट बोलण्याची मुभा ठरू नये. ज्याला वाचता येत नाही किंवा ज्याची नजर अधू झाली आहे, त्याला नटाचा आवाजच हवा.

राज्य सरकार दर्जेदार मराठी चित्रपटांना अनुदान देते आणि त्यासाठी परीक्षण समिती चित्रपट पाहून गुण देते. त्या गुणांत संवादांच्या स्पष्टतेला वेगळा रकाना हवा. संहिता न वाचलेल्या, मुंबई-पुण्याबाहेरच्या काही श्रोत्यांना चित्रपट साध्या घरगुती टीव्हीवर ऐकवावा, त्यांना काय कळले ते लिहून घ्यावे आणि त्यावरून तो रकाना भरावा. मराठी पट्टीची अटही अनुदानाच्या त्याच अर्जात घालता येईल. मोठ्या अर्थसंकल्पाची त्यासाठी गरज नाही.