तिला कळत नाही, की तिला कळू दिले जात नाही?

आम्हा कारागिरांच्या बैठकीत अलीकडे एक तक्रार हमखास निघते. वीजकामवाला असो, नळकामवाला असो, सुतार असो की रंगारी, घरसामानाच्या मोठ्या दालनांचा विषय आला की सगळ्यांचे एकमत होते. ‘तिथे उभ्या असलेल्यांना काही कळत नाही. एल्बो मागितला तर टी काढून देतात. कुठला पाइप गरम पाण्याला चालतो ते विचारलं तर डब्यावरचं वाचून दाखवतात.’ आणि मग हळूच पुढचे वाक्य येते, ‘त्यात सगळ्या पोरी भरल्यात!’

मी स्वतः वायरमन आहे. सरकारी भाषेत ‘तारतंत्री’. गेली २२ वर्षे पुण्यात घरांचे वायरिंग करते. त्यामुळे या तक्रारीतला पहिला भाग माझाही आहे, आणि दुसऱ्या भागाने चिडणारीही मीच आहे. दोन्हींबद्दल आपल्या गटांमध्ये बोलणे व्हावे असे वाटते, म्हणून हे लिहिते आहे.

आधी पहिला भाग. तक्रार खोटी नाही. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसीचा पाइप लागतो. गार पाण्यासाठी साधा पांढरा यूपीव्हीसी चालतो. दोघांवर ‘अर्धा इंच’ असेच लिहिलेले असते. पण एकाचा बाहेरचा व्यास सुमारे १६ मिलिमीटर, तर दुसऱ्याचा २१. एकाचा जोड दुसऱ्याला बसत नाही. दोघांचे चिकटवायचे सोल्युशनही वेगळे. हे माहीत नसलेल्या माणसाने सामान काढून दिले, तर नळकारागीर गिऱ्हाइकाच्या मोरीत उकिडवा बसलेला असताना त्याच्या लक्षात येते की हा माल निरुपयोगी आहे. काम उक्ते घेतलेले असते. पुन्हा दुकानात जायचे, रिक्षाचे पैसे घालायचे, बदलून घेण्यासाठी रांगेत उभे राहायचे. अर्धा दिवस गेला. तो रोज त्याला कोणी भरून देत नाही.

आमच्या वीजकामात तर प्रश्न नुसत्या रोजाचा नाही. दोन हजार वॅटचा गीझर साधारण पावणेनऊ अँपिअर वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट आणि अडीच चौरस मिलिमीटरची तार हवी. ‘ताई, ही घ्या, ही स्वस्त आहे’ म्हणून कोणी एक मिलिमीटरची तार आणि सहा अँपिअरचा सॉकेट दिला, तर तो तापणार, वितळणार.

त्याहून महत्त्वाची गोष्ट सांगते, कारण ती प्रत्येक बाईला ठाऊक असायला हवी. आपल्या घरातल्या पेटीत एमसीबी असतो. तो तारेला वाचवतो. जास्त वीज ओढली गेली किंवा शॉर्ट झाले की तो पडतो. पण माणसाच्या अंगातून वीज वाहू लागली तर ती इतकी थोडी असते की एमसीबीला पत्ताही लागत नाही. माणसाला वाचवायला आरसीसीबी लागतो, आणि तोही ३० मिलिअँपिअरचा. शंभराचा आणि तीनशेचाही मिळतो. तो आग लागू नये म्हणून असतो, माणसासाठी नव्हे. दिसायला तिन्ही सारखेच.

आता विचार करा, ओल्या हाताने मिक्सरचे बटण कोण दाबते? ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून वॉशिंग मशीनमधून कपडे कोण काढते? घरातली बाई, नाहीतर घरकामाला येणारी बाई. तेव्हा काउंटरवर ३० ऐवजी ३०० चा डबा दिला गेला, तर त्या चुकीची किंमत बहुधा एखादी बाईच मोजणार असते.

म्हणजे तक्रार खरी आहे, गंभीर आहे. मग त्यावर आमचे कारागीर बंधू उपाय काय सांगतात? ‘जुनी दुकानं बरी होती.’ मुंबईचे लोहार चाळ, नागदेवी. पुण्यातली तपकीर गल्ली. तिथे तुटलेला तुकडा नुसता पुढे धरला की आतला माणूस शिडीवर चढून नेमका जोड घेऊन खाली यायचा. हे मीही पाहिले आहे, आणि त्या माणसांच्या ज्ञानाबद्दल मला आदर आहे.

पण ते ज्ञान त्याला कसे मिळाले? तो १४-१५ वर्षांचा असताना गावाहून आला, दुकानातच झोपला, शेठची बोलणी खाल्ली, आणि १५ वर्षांत बोटांनी माल ओळखायला शिकला. त्या शिडीवर कधी एखादी मुलगी चढलेली पाहिलीत? त्या दुकानांचे दार बायकांना आतूनही बंद होते आणि बाहेरूनही. सुरुवातीच्या वर्षांत मी यादी घेऊन काउंटरला उभी राहिले की माझ्यामागून आलेल्या चार पुरुषांना आधी माल मिळे. मग मला सांगितले जाई, ‘बाई, तुमच्या मिस्त्रीला पाठवा, तुम्हाला नाही समजायचं.’ ‘मीच मिस्त्री’ म्हटले की हशा. तेव्हा जुन्या दुकानाच्या आठवणीने माझ्या डोळ्यांत काही पाणी येत नाही.

आता नव्या दालनाकडे वळू. तिथे मुलगेही असतात, आणि त्यांनाही तेवढेच कळते किंवा कळत नाही. पण मुलाने चूक केली तर ‘नवा आहे, शिकेल’. मुलीने केली तर ‘पोरींना काय कळतंय’. मुलगी अननुभवी नसतेच मुळी, ती अपात्रच असते! हा न्याय आपल्याला नवा नाही.

मी या मुलींशी बोलते. माल काढून होईस्तोवर गप्पा होतात. बारावी झालेल्या, काही पदवीच्या शेवटच्या वर्षाला. नेमणूक ठेकेदारामार्फत. कालपर्यंत चादरींच्या विभागात होती, आज नळांच्या विभागात उभी केली, उद्या रंगांकडे पाठवतील. काहींचा पगार दालन देतच नाही, एखाद्या नळाच्या किंवा दिव्याच्या कंपनीने त्यांना तिथे उभे केलेले असते. त्यांना शिकवलेले असते ते एवढेच, की आपल्या कंपनीचा माल पुढे करायचा. कामावर रुजू होताना दोन दिवस प्रशिक्षण झाले म्हणतात. त्यात काय शिकवले? हसून नमस्कार करायचा, केस बांधायचे, गिऱ्हाइकासमोर बसायचे नाही. दिवसभर उभे. पाळीच्या दिवसांतही उभे.

अशीच एक मुलगी वीजसामानाच्या विभागात होती. तिने मला विचारले, ‘ताई, यावर हे ३० म्हणजे काय हो?’ मी तिला दहा मिनिटांत समजावले. तिने खिशातून छोटी वही काढून लिहून घेतले. वहीत आधीची पाने भरलेली होती. येणाऱ्या प्रत्येक कारागिराला विचारून तिने मालाची नावे, मापे, उपयोग टिपून ठेवले होते. पुढच्या खेपेला गेले तर ती एका गृहस्थांना सांगत होती, ‘काका, बाथरूमसाठी शंभरचा नको, तीसचा घ्या.’ काकांनी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. पलीकडच्या मुलाला हाक मारून त्यांनी तोच प्रश्न विचारला, आणि तो मुलगा उत्तरासाठी तिच्याकडे आला! महिन्याभराने ती दिसली नाही. चौकशी केली तर कळले, पडद्यांच्या विभागात हलवली. वरिष्ठांचे म्हणणे, ‘गिऱ्हाइकांशी फार वेळ बोलत बसते.’

तेव्हा प्रश्न असा आहे, की तिला कळत नाही, की तिला कळू दिले जात नाही?

माझ्या मते यामागे सरळ हिशेब आहे. किमान वेतनाच्या अधिसूचनांत कामगारांचे अकुशल, अर्धकुशल, कुशल असे वर्ग असतात. जी मुलगी पाइपांतला, तारांतला फरक सांगू शकते, गिऱ्हाइकाचा धोका टाळू शकते, ती कुशल कामगार आहे. तिला तसा पगार द्यावा लागेल, टिकवून ठेवावे लागेल, आणि ती उद्या चार प्रश्नही विचारेल. त्यापेक्षा दर सहा महिन्यांनी नवी मुलगी आणलेली स्वस्त पडते. तिचे अज्ञान हा अपघात नाही. तो मालकाच्या नफ्याचा भाग आहे. आणि त्या अज्ञानाचा भुर्दंड बसतो कारागिराला, घरातल्या बाईला आणि शिव्या खाणाऱ्या त्या मुलीला. मालक या तिघांच्याही समोर येत नाही.

हा डाव बायकांच्या बाबतीत फार जुना आहे. कुठल्याही बांधकामावर जाऊन पाहा. बिगारी म्हणून आलेला मुलगा दोन-चार वर्षांत थापी हातात घेतो आणि गवंडी होतो. त्याच्या शेजारी बाई २० वर्षे घमेली वाहते. माल किती पातळ, किती घट्ट, हे तिला डोळे मिटून कळते, कारण तो तीच कालवते. पण थापी तिच्या हातात येत नाही. आणि मग म्हणायचे, बायका अकुशल! कौशल्य हातात असते तेवढेच कागदावरही असते, आणि कागद कुणाच्या नावे लिहायचा हे ठरवणारे दुसरेच असतात.

संधी मिळाली तिथे काय झाले तेही आपल्यासमोर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांत घरदुरुस्तीचा मोठा कार्यक्रम झाला. त्यात स्वयम् शिक्षण प्रयोगाच्या पुढाकाराने महिला मंडळांच्या बायकांनी ‘संवाद सहायक’ म्हणून काम केले. भूकंपाला टिकणाऱ्या बांधकामाची माहिती त्यांनी करून घेतली आणि घराघरांत पोचवली. त्यांतल्या कितीजणी इंजिनिअर होत्या?

आणि केरळात कोझिकोडच्या पी. विजी आणि त्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी दुकानांत काम करणाऱ्या बायकांना संघटित केले. बसण्याचा आणि स्वच्छतागृहाचा प्रश्न लावून धरला. २०१८ मध्ये केरळ सरकारला कायदा बदलून दुकानातल्या कामगारांचा बसण्याचा हक्क मान्य करावा लागला. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तसा कायदा केला. एका साध्या स्टुलासाठी कायदा लागतो, यावरून दुकानातल्या बाईला काय समजले जाते ते दिसते.

माझे म्हणणे असे, की बसण्याच्या हक्काला जोडून आता शिकण्याचा हक्क मागायला हवा. दालनांनी पगारी वेळेत खरे प्रशिक्षण द्यावे, आणि ते द्यायला परवानाधारक कारागीर बोलवावेत. जिवाशी खेळ होऊ शकतो अशा वीजसामानाच्या विभागात एक तरी जाणकार माणूस कायम असावा. शिकलेल्या मुलीला कुशल कामगाराचे वेतन मिळावे. मालाचा दर्जा, मानक आणि किंमत यांची माहिती मिळणे हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला दिलेला हक्क आहे. माहिती देणाऱ्यालाच माहिती नसेल तर तो हक्क कागदावरच राहणार. म्हणून तक्रार करायची तर लेखी करा आणि दालनाच्या व्यवस्थापनाकडे करा. ‘या मुलीला काढा’ असे लिहू नका. ‘हिला शिकवले कोणी, किती दिवस, ते सांगा’ असे लिहा.

कारागीर बंधूंनाही सांगणे आहे. तुम्हाला ही विद्या वडिलांनी, मामांनी, उस्तादांनी दिली. तुम्ही ती कुणाला दिलीत? घरात पत्नी आहे, मुलगी आहे. तिच्या हातात कधी टेस्टर दिलात का? काउंटरवरच्या मुलीवर ओरडायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ३० आणि ३०० मधला फरक सांगून होतो.

आणि आपल्या गटांनी काय करावे? शिवण, पापड, मसाले यांचे वर्ग आपण पुष्कळ घेतले. आता एक वर्ग घराच्या दुरुस्तीचा घेऊन पाहू या. फ्यूज, एमसीबी, आरसीसीबी, नळाचा वॉशर, पाइपांचे प्रकार, पान्याचे माप. चार रविवार पुरतील. वस्तीतल्या बायका येतीलच, पण जवळच्या दालनातल्या मुलींनाही आवर्जून बोलवा, त्यांच्या सुटीचा दिवस विचारून. वर्गात सगळ्यांनी मिळून मराठीत एक वही तयार करावी. मालाचे नाव, माप, कशाला वापरतात, काय चुकले तर काय होते. पडद्यांच्या विभागात पाठवलेल्या त्या मुलीने अशी वही एकटीने सुरू केली होती. आपण तर संघटित आहोत. ज्या गटांना वर्ग घ्यायचा असेल त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर कळवावे. पिशवीत टेस्टर आणि पक्कड घालून मी यायला तयार आहे.