दुसरी पेटी

मराठी घरात ‘पेटी’ म्हटले की डोळ्यांपुढे एकच वस्तू येते. भाता असलेली, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची, आणि पाहुणे आले की घरातल्या मुलीला जिच्यापुढे बसवले जाई ती. अलीकडे मात्र पुष्कळ घरांत दुसरी एक पेटी येऊन बसली आहे. काळ्या रेक्झीनने मढवलेली, तोंडावर जाळीचे कापड, माथ्यावर सहा-सात बटणे आणि पोटात एक कर्णा. गिटार वाजवणाऱ्या मुलाची ही पेटी. शास्त्राच्या पुस्तकात तिला ‘प्रवर्धक’ म्हणतात. हा शब्द मी आजवर कोणाच्याही तोंडून ऐकलेला नाही. मुले ‘अँप’ म्हणतात. घोडेगावची माझी अक्का ‘तो डबा’ म्हणते, आणि दाजी म्हणतात ‘खोकं’.

घोडेगाव म्हणजे आंबेगाव तालुक्यातले नव्हे. नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचे) नेवासे तालुक्यातले. संभाजीनगरच्या रस्त्यावर, शनिशिंगणापूरकडे वळण्याचा फाटा लागतो ते. कांद्याचा आणि जनावरांचा मोठा बाजार. दाजींची तिथे कांद्याची आडत आहे. त्यांच्या धाकट्या चिरंजिवांनी मात्र आडतीऐवजी गिटार हाती घेतली आणि ते एका ऑर्केस्ट्रात वाजवू लागले. लग्नाची वरात, गावची जत्रा, गणपती, नवरात्र. या धंद्यात कार्यक्रम ठरला की ‘सुपारी आली’ म्हणतात. सिनेमावाल्यांनी या शब्दाचे वाटोळे करण्यापूर्वी तमाशाच्या फडापासून बँडवाल्यांपर्यंत सारे तो याच सरळ अर्थाने वापरत, अजूनही वापरतात.

तर या वर्षी भाच्याने हट्ट धरला तो शंभर वॉटच्या पेटीचा. घरी दहा वॉटची एक होतीच. दाजींनी मला बोलावणे धाडले. मास्तर माणसाला सगळे समजते असा त्यांचा समज आहे, आणि तो मोडण्याचे मला काही कारण नाही.

“पाव्हणे,” ते म्हणाले, “दहाच्या जागी शंभर. म्हंजी दसपट आवाज होनार का? तसं असंल तर तुमची अक्का घरात ऱ्हात नाही.”

मुख्य प्रश्न हाच होता, आणि त्याचे उत्तर भल्याभल्यांना ठाऊक नसते. दहा वॉटच्या जागी शंभर वॉट केले तर कानाला आवाज दसपट लागत नाही; साधारण दुप्पट लागतो. वीस वॉटचे चाळीस केले तर फरक फक्त तीन डेसिबलचा, म्हणजे लक्ष देऊन ऐकले तर कळेल एवढा. कानाची मोजणी बेरजेची नसते, पटीची असते. दुकानदार वॉट विकतो आणि गिऱ्हाईक आवाज घेतल्याच्या समाधानात घरी येते. त्यातही पेटीतून निघणाऱ्या विजेतला अगदी थोडा भागच आवाज होतो. बाकीची कर्ण्याच्या वेटोळ्यात उष्णता होऊन जाते.

गिटारच्या पेटीतला चांगला कर्णा नुसत्या एका वॉटवर, एका मीटरच्या अंतरावर पंच्याण्णव ते शंभर डेसिबल आवाज देतो. आपले साधे बोलणे साठच्या आसपास असते. म्हणजे घरातल्या खोलीत एक वॉटसुद्धा पुष्कळ झाला; दहा वॉटच्या पेटीचे बटण कोणी कधी निम्म्यावर नेतच नाही. मोकळ्या मैदानात गोष्ट वेगळी. तिथे अंतर दुप्पट झाले की सहा डेसिबल उतरतात. एक मीटरवर शंभर असलेला आवाज बत्तीस मीटरवर, म्हणजे मांडवाच्या पलीकडच्या टोकाला, सत्तरवर येतो, आणि तिथे वऱ्हाडी मंडळी पानसुपारी मागत असतात. भाच्याचे म्हणणे या हिशेबाने खोटे नव्हते. पण अर्धेच खरे होते.

त्यासाठी जरा मागे जावे लागते. विजेची गिटार बाजारात आली ती १९३० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत, अमेरिकेत, आणि तीही मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन. बँडच्या गलक्यात तिचा नाजूक आवाज बुडून जाई म्हणून ही खटपट. तारांखाली लोहचुंबकावर तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवायचे. पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात किंचितशी वीज उपजते. ती वाढवून कर्ण्याला द्यायची. सारे रहस्य एवढेच. आपल्याकडेही ही हवाईयन गिटार मोठी लोकप्रिय झाली. व्हॅन शिप्ली यांनी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या तबकड्या ज्या घरांत वाजल्या, त्या घरांत आजोबांना अजून त्या आठवतात. त्या काळच्या व्हॉल्व्हच्या रेडिओला पाठीमागे ग्रामोफोन जोडण्यासाठी दोन भोके असत. ज्याला वेगळी पेटी परवडत नसे तो गिटारची वायर त्यांत खुपशी आणि रेडिओलाच गायला लावी.

मग १९६२ साली लंडनजवळच्या हॅनवेलमध्ये ढोल-ड्रम विकणाऱ्या जिम मार्शल यांच्या दुकानात फेंडर या अमेरिकन कंपनीच्या ‘बासमन’ पेटीवरून बेतलेली नवी पेटी तयार झाली. तीन वर्षांत तिची शंभर वॉटची, माणसाच्या उंचीची भावंडे निघाली. का? तर तेव्हा सभागृहाचे ध्वनिवर्धक फक्त गाणाऱ्याच्या आवाजापुरते असत. गिटारवाल्याला मागच्या रांगेपर्यंत आपल्याच पेटीने पोचावे लागे. शंभर वॉटचा दिमाख ही त्या अडचणीची उपज. आज घोडेगावच्या मांडवातसुद्धा साऊंडवाल्याच्या भिंतीएवढ्या पेट्या उभ्या असतात. गिटारच्या छोट्या पेटीसमोर एक माईक ठेवला, की उरलेले काम त्या करतात. वाजवणाऱ्याला आपले आपल्याला ऐकू आले आणि शेजारच्या ढोलकीवाल्याला कळले की पुरे. त्याला तीस वॉट भरपूर झाले.

“मग हे खोकंच कशाला?” दाजींनी विचारले. “देवळात भजनाचा अँप्लिफायर हाय की. त्यालाच जोडावं.”

भाच्याने तेही करून पाहिले होते. भजनाच्या यंत्राला माईक जोडायचा असतो. त्याचे तोंड गिटारला मानवत नाही. तार जोडली की वरचे, चमकदार सूर गळून पडतात आणि गिटारला सर्दी झाल्यासारखे वाटते. शिवाय दुसरा भेद आहे, आणि मला तो फार आवडला. भजनाच्या यंत्राने आवाजात आपल्या पदरचे काही घालू नये अशी अपेक्षा असते. गिटारच्या पेटीने घालावेच लागते. तिचा कर्णा पाच हजार कंपनांच्या वरचे सूर जवळजवळ टाकूनच देतो, आणि तिला जास्त रेटले की सूर फाटतो; तो फाटका सूरच वाजवणाऱ्याला हवा असतो. १९६४ साली ‘किंक्स’ या इंग्रजी मंडळीतल्या डेव्ह डेव्हिस या पोराने आपल्या छोट्या, स्वस्त पेटीच्या कर्ण्याचा कागद ब्लेडने चिरला आणि त्यातून निघालेल्या गुरगुराटावर ‘यू रिअली गॉट मी’ हे गाणे जगभर गाजले. म्हणजे पेटी हे यंत्र नव्हे, वाद्यच आहे. अर्धी गिटार हातात, अर्धी जमिनीवर.

आपल्या बेंजोवाल्यांना हे कोणी शिकवावे लागले नाही. बेंजो म्हणजे आपला बुलबुलतरंग. त्याचे मूळ जपानी. नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ साली काढलेले ‘ताइशोगोतो’, ज्यात तारांवर टाइपरायटरसारख्या कळा असतात. महाराष्ट्रात आल्यावर त्याला पिकअप बसला, अहुजाचा अँप्लिफायर आला आणि हातगाडीवर कर्णे चढले. त्या कर्ण्यांतून येणारा टोकदार, थोडा नाकातला आवाज हाच बेंजोचा आवाज झाला. लाकडी फळीवरचा मूळ बुलबुलतरंग आता वरातीत वाजवला तर लोक म्हणतील, हा बेंजो नाहीच. २०१६ साली रवी जाधव यांनी या मंडळींवर ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला. दाजींनी तो पाहिला आहे आणि त्यांच्या मते गाणी बरी होती.

असो. पैशाचा आणि वॉटचा हा वाद चालू असता अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, “त्याला ओठाला काय झालं ते सांग म्हणावं मामाला.”

भाचा गप्प झाला. मग हळूहळू बाहेर आले. गेल्या उन्हाळ्यात एका जत्रेत, रात्री, हा गिटार वाजवता वाजवता कोरस म्हणायला माईकजवळ गेला आणि ओठाला असा झटका बसला की दोन पावले मागे फेकला गेला. मांडववाल्याने गिटारच्या पेटीची वीज एका खांबावरून घेतली होती, गाण्याच्या यंत्राची जनरेटरवरून. शिवाय पेटीत गुंऽऽ असा घुमारा येत होता म्हणून कोणीतरी थ्री-पिनची मोठी पिन काढून टाकली होती.

मी तांत्रिक माणूस नव्हे, पण हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. ती जाड, लांब पिन म्हणजे अर्थिंग. ती मुद्दाम लांब असते, म्हणजे खोचताना आधी लागते आणि काढताना शेवटी सुटते. गिटारच्या तारा आतून पेटीच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. पेटीत बिघाड होऊन फेज पत्र्यावर आली आणि अर्थिंग नसले, तर वाजवणाऱ्याच्या बोटांखाली दोनशे तीस व्होल्ट येतात. त्याला ते कळतही नाही, कारण तो लाकडी फळ्यांवर बूट घालून उभा असतो. माईकची जाळी मात्र दुसऱ्या वाटेने जमिनीला जोडलेली असते. ओठ टेकला की वीज बोटांतून शिरते आणि छातीवरून जाऊन ओठातून निघते.

३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या मंडळीचा गिटारवादक लेस हार्वी व्यासपीठावर असाच गेला. त्याने माईकला हात लावला होता. १९७६ साली ‘यार्डबर्ड्स’चा गायक कीथ रेल्फ आपल्या घरी गिटार वाजवताना गेला, कारण तेच, सदोष अर्थिंग. घरची पेटी लहान म्हणून निर्धोक असे समजू नये. व्हॉल्व्हच्या पेटीत तर तीन-चारशे व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये काही काळ साठून राहतात. जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक हात खिशात ठेवून का काम करीत, ते मला त्या दिवशी कळले.

भाच्याला मी दटावले नाही. त्याची आई ते काम रोज करीतच होती. आम्ही तिघांनी कागद घेऊन हिशेब मांडला. शंभर वॉटची पेटी रद्द. तिचे वजन तीस किलोंच्या घरात, म्हणजे कांद्याच्या गोणीच्या निम्म्याहून जास्त, आणि ती उचलणारा तोच. त्याऐवजी तीस वॉटची. उरलेल्या पैशात एक जाड वायरचा, सहा थ्री-पिन भोकांचा बोर्ड, आणि त्यावर तीस मिलिअँपिअरचा गळती ओळखणारा ब्रेकर, जो क्षणार्धात वीज तोडतो. कोणाचीही सुपारी असो, व्यासपीठावरची सगळी वाद्ये आणि माईकचे यंत्र याच एका बोर्डावर. तसे केले की तो घुमाराही बहुतेक जातो, पिन मोडावी लागत नाही. आणि कार्यक्रमापूर्वी मल्टिमीटरचे एक टोक गिटारच्या तारेला, दुसरे माईकच्या जाळीला. काटा हलला तर वाजवायचे नाही, मग मांडवाचा मालक कितीही तापो.

आवाजाचे कलम अक्काने घातले. निवासी भागात दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत आहे, आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावायचा नाही, सरकारने सवलत दिलेले थोडे दिवस सोडून. ते झाले शेजाऱ्यांसाठी. खुद्द वाजवणाऱ्याच्या कानासाठी अमेरिकेतल्या आरोग्यसंस्थेचे माप असे की पंच्याऐंशी डेसिबलमध्ये आठ तास चालतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. शंभरला पंधरा मिनिटे. वरात तीन तास चालते. म्हणून कानात बोळे घालणे आले. “मला ऐकू कमी येईल ना, मामा,” असे तो म्हणाला खरा; पण दाजींनी लिलावाच्या आवाजात “आत्ता कमी ऐकू येनं बरं का म्हातारपनी?” असे विचारले तेव्हा तो हसला.

रात्री घरी वाजवायचे तर हेडफोन लावायचा, असे ठरले. आता अशा पेट्या मिळतात, ज्यांना कर्ण्याची गरजच पडत नाही. अक्काला हे विशेष आवडले नाही. पोरगा घरात आहे की नाही ते कळत नाही, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हा दाजी वायरमनला घेऊन आडतीच्या मागे उभे होते. घराचे अर्थिंग कुठे आहे, असे त्यांनी विचारले होते आणि त्याला ते सापडत नव्हते. शेवटी एक तुटकी पट्टी निघाली, कोरड्या मुरमात टांगलेली. दाजींनी धोतर खोचले आणि गड्याला खड्डा खणायला सांगितला.