दुकान कोणाचं, हे विचारलंत का?

"व्हिडिओ कॅमेरा घ्यायचाय, सगळ्यात स्वस्त कुठे मिळेल?" पूर्वी हा प्रश्न मला दसरा-दिवाळीला ऐकावा लागे. आता दर महिन्याला कुठला ना कुठला महासेल असतो, त्यामुळे बारमाही ऐकतो. काय टिपायचंय, किती अंतरावरून, कसल्या उजेडात, सलग किती वेळ, यातलं एक अक्षर विचारणारा सांगत नाही. थेट भाव विचारतो. मंडईत वांगी दाबून, देठ पाहून, वर मूठभर कोथिंबीर उपटून घेणारा हाच माणूस साठ हजारांची वस्तू फोनवर अंगठा सरकवत मागवतो. विकणारा कोण, हेसुद्धा वाचत नाही. मग खोक्यातून भलतंच काही निघालं की म्हणतो, "काय जमाना आलाय!" जमान्याला नावं ठेवून काय होणार? टोपी घालून घ्यायला डोकं पुढे केलं की मापाची टोपी मिळतेच.

असो. गिऱ्हाइकाला एवढं बोललो ते पुरे. मला खरं भांडायचंय ते दुकानाशी.

त्याआधी एक शंका निकालात काढू. हातात फोन असताना वेगळा कॅमेरा कशाला? केक कापतानाचं चित्रण करायचं असेल तर नकोच, उगाच पैसे घालवू नका. पण राज्य नाट्य स्पर्धेतलं दोन-अडीच तासांचं नाटक, रात्रीचं कीर्तन, मुलीचं अरंगेत्रम हे शेवटच्या रांगेमागून, ट्रायपॉडवर लावून, न थांबता टिपायचं असेल तर फोन हात टेकतो. तो तापतो, त्यातली जागा संपते, ऐन प्रवेशात कोणाचा तरी कॉल येतो आणि झूम केलं की नटाच्या चेहऱ्याचा लगदा होतो. फोटोचे महागडे कॅमेरेही इथे कामाला येतीलच असं नाही. त्यांतली अनेक मॉडेलं वर्षानुवर्षं 29 मिनिटं 59 सेकंद झाले की चित्रण आपोआप बंद करत आली. कारण करात होतं. युरोपात सलग अर्धा तास चित्रण करणारं यंत्र व्हिडिओ कॅमेरा ठरे आणि त्यावर जादा शुल्क लागे. आपल्याकडे सीमाशुल्काच्या सवलतीची रेघही तीस मिनिटांवरच ओढलेली होती. कॅनन, निकॉनसारख्या कंपन्यांचे कॅमेरे त्या सवलतीत बसतात का, यावरून पेटलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नोटीस काढायचा अधिकार नेमका कोणत्या अधिकाऱ्याला, या मुद्द्यावर 9 मार्च 2021 ला निकाल लागला आणि 7 नोव्हेंबर 2024 ला त्याच न्यायालयाने तो फिरवला. यंत्र किती मिनिटं चालतं यावरून सरकार आणि कंपन्या इतकी वर्षं भांडतात. ते विकत घेणारा मात्र तेवढी एक ओळ वाचायला तयार नाही.

1985 साली सोनीने पहिला हँडीकॅम आणला. पुढे वीसेक वर्षं लग्नात, सहलीत, बारशात तो मिरवला. मग फोन आला आणि मोठ्या कंपन्यांनी घरगुती कॅमकॉर्डरची दुकानदारी आटोपती घेतली. मॉडेलं मोजकीच उरली, किमती चढल्या. ही रिकामी झालेली जागा कोणी भरली, ते बघायचं असेल तर कुठल्याही मोठ्या अ‍ॅपवर 'कॅमकॉर्डर' शोधून पाहा.

आमच्या नाट्यमंडळातल्या एका उत्साही सभासदाने असा एक कॅमेरा मागवला. सात हजारांच्या आत. खोक्यावर 'फोर-के अल्ट्रा एचडी', '48 मेगापिक्सेल', 'नाइट व्हिजन', '16 एक्स झूम'. कंपनीचं नाव म्हणजे एकमेकांना खेटून उभी केलेली अक्षरं, उच्चार करायची सोय नाही. कॅमेरा उचलला तर रिकाम्या डब्याइतका हलका. लेन्सभोवती जाड काळं कडं आणि त्यावर चंदेरी आकडे. मी झूमचं बटण दाबलं. पडद्यावरचं चित्र मोठं झालं, पण समोरून काचेत डोकावलं तर आत काहीच हललं नाही. हलणार कसं? आत हलणारी काच बसवलेलीच नव्हती. मधला तुकडा कापून ताणायचा आणि त्याला झूम म्हणायचं, हा उद्योग. अठ्ठेचाळीस मेगापिक्सेलही तसलेच. छोटासा सेन्सर जेवढे ठिपके टिपतो, त्यांच्या मध्ये सॉफ्टवेअर आपल्या मनाचे ठिपके भरतं. तालमीत निळा स्पॉट पडला आणि नायिकेचं तोंड जांभळं झालं. बाहेरचा माइक लावायला जागा नाही, त्यामुळे संवादांपेक्षा पंख्याची घरघर स्पष्ट. खोकं उलटं करून पाहिलं. आयातदाराचं नाव नाही, पत्ता नाही, कमाल किरकोळ किंमत नाही, निर्मितीचा महिना नाही. आयात केलेल्या बंद पाकिटावर हे सगळं छापणं 2011 च्या वजनमापे नियमांनी बंधनकारक आहे. यातलं बरंचसं 1 जानेवारी 2018 पासून ऑनलाइन जाहिरातीतही दाखवावं लागतं.

मग तक्रार केली. अ‍ॅप म्हणालं, या वस्तूला परतावा नाही, सात दिवसांत फक्त बदलून मिळेल. म्हणजे हे भंगार घ्या आणि त्याच जातीचं दुसरं भंगार न्या! विक्रेता म्हणाला, माल वर्णनाप्रमाणेच आहे. गप्पा मारणाऱ्या यंत्राने तीन वेळा दिलगिरी व्यक्त केली आणि संभाषण बंद केलं.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 काय सांगतात ते ऐका. माल सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण त्यात नसतील तर तो परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. विक्रेत्याचं नाव, पत्ता, संपर्क क्रमांक दाखवणं ही बाजारपेठ चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात निकाल लावायचा. 'नो रिटर्न' ही अ‍ॅपने स्वतःच्या सोयीसाठी लिहिलेली ओळ आहे. अशा मालापुरती तरी कायद्यापुढे तिला काडीची किंमत नाही. पण ती ठळक अक्षरात असते आणि कायदा कोणी वाचत नाही.

या धंद्याची खरी मेख पुढे आहे. परदेशी गुंतवणुकीच्या नियमांमुळे या बड्या बाजारपेठांना स्वतःचा माल साठवून तुम्हाला थेट विकता येत नाही. त्यामुळे तिथल्या प्रत्येक वस्तूमागे एक वेगळा विक्रेता असतो. तुम्ही विश्वास टाकता तो अ‍ॅपच्या नावावर आणि माल येतो अशाकडून, ज्याचं नाव तुम्ही उभ्या जन्मात ऐकलेलं नसतं. पैसे अ‍ॅप घेतं, खोक्यावर शिक्का अ‍ॅपचा, निरोप अ‍ॅपचे, 'आमच्यावर विश्वास ठेवा' ही जाहिरातही अ‍ॅपचीच. माल खोटा निघाला की मात्र कानावर हात: आम्ही फक्त मध्यस्थ! मिरवायला मालक आणि निस्तरायला परका, असा हा मानकरी.

कोणी म्हणेल, सरकार लक्ष ठेवतं की. ठेवतं ना. ऑगस्ट 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अ‍ॅमेझॉनला दंड केला. सक्तीच्या दर्जाची अट न पाळणारे 2,265 प्रेशर कुकर तिथून विकले गेले होते. ते परत घ्या, गिऱ्हाइकांचे पैसे द्या, असा आदेश निघाला, तो योग्यच. पण त्या विक्रीवर कंपनीने कमिशन मिळवलं होतं 6,14,825 रुपये आणि दंड होता एक लाख. घरात फुटू शकणाऱ्या कुकरचा हा हिशेब. मग कॅमेऱ्यातल्या खोट्या झूमसाठी कोणाची झोप उडणार आहे?

'तारे बघून घेतो' म्हणणाऱ्यांचं मला विशेष कौतुक वाटतं. पाच ताऱ्यांच्या अभिप्रायांत निम्म्या लोकांनी खोकं वेळेवर आल्याचा आनंद साजरा केलेला असतो. उरलेल्यांत, हजारो मेंढ्यांनी एकाच सुरात बें बें करावं तसा एकच मजकूर. भारतीय मानक ब्युरोने 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक काढलं, पण ते ऐच्छिक. चोराने स्वेच्छेने चोरी सोडावी, एवढीच अपेक्षा! 30 नोव्हेंबर 2023 ला फसव्या मांडणीचे तेरा प्रकार सरकारने अधिसूचनेत नावानिशी दिले. खोटी घाई हा त्यातलाच एक, न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणं हा दुसरा. तरी 'फक्त 2 शिल्लक' हा आकडा आठवडाभर दोनच राहतो आणि कॅमेऱ्यासोबत विमा, पिशवी, जादा वॉरंटी गुपचूप चढलेली असते.

यावर काही शहाणे सांगतात, "ऑनलाइन नकोच, मुंबईच्या बोरा बाजारात जा, पुण्याच्या तपकीर गल्लीत जा." जरूर जा, तिथे जाणते दुकानदार आहेत. पण 'बिलाशिवाय घ्या, चार हजार कमी करतो' म्हणणारा काउंटरपलीकडचा शेठ अ‍ॅपवरच्या भामट्याचाच थोरला भाऊ असतो. 1 जानेवारी 2019 ला व्हिडिओ कॅमेऱ्यावरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. तो वाचवतो असं सांगून हा तुमची वॉरंटी, तक्रारीचा हक्क आणि मालाचा पुरावा एकदम काढून घेतो. त्याची 'इंटरनॅशनल वॉरंटी' आणि 'शॉप वॉरंटी' ही दुकानाचं शटर उघडं आहे तोवरची.

दुसरे शहाणे न्यू जर्सीच्या भाच्याला सांगून मागवतात. तिकडे वीज 60 हर्ट्‌झची, इकडे 50 ची. बहुतेक घरगुती कॅमकॉर्डर आपापल्या प्रदेशाच्या विजेशी जुळणाऱ्या फ्रेम-वेगालाच बांधलेले असतात आणि त्यात पर्याय नसतो. अमेरिकी यंत्र इथल्या ट्यूबलाइटखाली धरलं की चित्र लुकलुकायला लागतं, आणि दुरुस्तीला नेलं की इथलं सेवा केंद्र ते हातात घ्यायलाही कुरकुरतं.

नामांकित कंपन्यांनाही मी सोडणार नाही. ऑप्टिकल झूम 30 पट असेल तर त्याशेजारी डिजिटल झूम 350 पट असं खोक्यावर छापायला त्यांना लाज वाटत नाही. पहिला आकडा कामाचा, दुसरा थापेचा. एक इंची म्हणवणाऱ्या सेन्सरचा कर्ण जेमतेम 16 मिलिमीटर भरतो आणि स्वस्त मॉडेलातल्या सेन्सरचा तीन. रंगमंचावरच्या मंद उजेडात मेगापिक्सेल उपयोगी पडत नाहीत, हे मिलिमीटर पडतात.

तेव्हा निवडताना मी चारच गोष्टी पाहतो: सेन्सरचा आकार, ऑप्टिकल झूम, माइक आणि हेडफोन जोडायची सोय, आणि कॅमेऱ्यातला थरथर रोखणारा बंदोबस्त. पाचवी गोष्ट मेमरी कार्डाची. चांगलं फोर-के चित्रण सेकंदाला 100 मेगाबिट, म्हणजे तासाला 45 गिगाबाइट खातं. पाचशे रुपयांत एक टेराबाइटचं कार्ड देणारा दानशूर नसतो. त्या कार्डाची खरी जागा लहान असते आणि आकडा फक्त मोठा दाखवलेला असतो. दुसरा अंक भरायला लागतो तेव्हा पहिल्या अंकाची फाइल मेलेली असते, आणि हे कळतं पडदा पडल्यावर.

विक्रेता निवडताना त्याहून सोपं. कंपनीच्या संकेतस्थळावर अधिकृत विक्रेत्यांची नावं मिळतात. अ‍ॅपवर ज्याच्या नावाने माल विकला जातोय ते नाव त्यात आहे का, एवढं पाहायचं. बिलावर जीएसटी क्रमांक लागतो. तो पंधरा अंक-अक्षरांचा, महाराष्ट्रातल्या दुकानाचा 27 ने सुरू होतो आणि सरकारी पोर्टलवर फुकट तपासता येतो. दुकानाला फोन करून मॉडेलबद्दल दोन प्रश्न विचारायचे. फोन उचलणारा माणूस नसेल तर तिथे दुकानही नाही असं धरून चालायचं. खोकं उघडताना सलग चित्रण करायचं, अनुक्रमांक बिलाशी ताडायचा आणि डिलिव्हरीचा ओटीपी शेवटी द्यायचा. एवढं करूनही दर सगळीकडच्यापेक्षा तीस टक्के कमी वाटला, तर पुढचं पान उघडायचं नाही.

आणि फसलातच, तर 'जाऊ दे, सात हजारांसाठी कोण भांडणार' असं म्हणू नका. या वाक्यावरच त्यांचा सगळा धंदा उभा आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन लावा. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. विक्रेत्यासोबत अ‍ॅपलाही प्रतिवादी करा. मध्यस्थ आहोत असं म्हणायचंच असेल तर ते त्यांना आयोगापुढे उभं राहून म्हणू द्या.